त्र्यंबकचा पाऊस, केळव्याची भरती

गुरुवार, रात्र

दीप अमावास्येचे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडायला ठेवले आणि मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. माहेर पंचवटीतलं, सासर केळव्याचं, पालघरजवळच्या समुद्रकाठचं. काका गेले, मावसभाऊ नोकरीसाठी पुण्याला राहायला गेला, तेव्हापासून खाडीकडेच्या त्या घरात ती एकटीच असते. इकडच्या तिकडच्या चौकशा न करता तिने थेट विचारलं, "शनिवारी तुमच्याकडे घाटावर पाऊस किती सांगितलाय गं?"

तिच्याकडे काय सांगितलंय ते तिला ठाऊक होतं. विचारत होती आमच्याकडचं.

हवामान खात्याचा अंदाज काढून पाहिला. त्यात नाशिक आणि नाशिक घाट अशा दोन वेगळ्या ओळी असतात, आणि आपण शहरातले लोक पहिलीच वाचून मोकळे होतो. पहिल्या ओळीत हलका ते मध्यम पाऊस होता. घाटाच्या ओळीत, म्हणजे त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात, शुक्रवार-शनिवार ऑरेंज अलर्ट, आणि पालघरलाही तोच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तो मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार आणि २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार, अशी खात्याची मोजणी आहे. ऑरेंज म्हणजे मधल्या पायरीची तयारी ठेवायची.

त्यात अमावास्या. म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. हे ऐकल्यावर तिला एकटं ठेवणं मनाला पटेना. ह्यांनी शुक्रवारची रजा टाकली, मीही टाकली. बॅगेत टॉर्च, पॉवर बँक, मावशीच्या रक्तदाबाच्या जादा गोळ्या आणि तिला आवडतो म्हणून कोंडाजीचा चिवडा.

शुक्रवार

निघण्याआधी गंगेवर चक्कर मारली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता, त्यामुळे पाणी गढूळ आणि फुगलेलं. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याच्या वर चढलं होतं. नाशिककरांची पूर मोजायची पट्टी हीच: गुडघ्याला पाणी आलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं तर सराफ बाजार-भांडी बाजारातले लोक खालचा माल वर चढवायला लागतात, आणि छातीच्या वर गेलं तर कोणाला काही सांगावं लागत नाही. रामकुंडाच्या बाजूची टपऱ्या-दुकानं उचलायचं काम चालूच होतं. धरणातून किती क्युसेक सुटणार हे आधी कळतं, भोंगा वाजतो, मोबाइलवर निरोप फिरतात. आमच्या पुराला वरच्या बाजूला निदान एक दरवाजा आहे आणि तो माणसाच्या हातात आहे. केळव्याचा दरवाजा खालच्या बाजूला असतो, हे मला दुसऱ्या दिवशी नीट कळलं.

त्र्यंबक रस्त्याने निघालो. अंजनेरीचा डोंगरमाथा ढगात, ब्रह्मगिरी तर दिसलाच नाही. श्रावण आजच लागला होता, पहिला सोमवार अजून पुढे, त्यामुळे त्र्यंबकला गर्दी बेताची. गाव सोडून मोखाड्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की पाण्याची वाट बदलते. ह्या डोंगररांगेवर पूर्वेला पडलेला थेंब गोदावरीत जातो, पैठण, नांदेड, राजमहेंद्री करत सुमारे १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेला वैतरणेत उतरतो, आणि त्र्यंबकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. लांबच्या वाटेच्या नदीला धरणं-बंधारे, पसरायला जागा, रेंगाळायला वेळ. जवळच्या वाटेच्या नदीलाही धरणं आहेत, अप्पर वैतरणा इगतपुरी तालुक्यातच आहे आणि खाली मोडकसागर वगैरे मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेली. पण धरणांच्या खालच्या अंगाला जो पाऊस कोसळतो त्याला अडवायला काही नाही. तो उतारावरून निघाला की खाडीतच.

तोरंगणचा घाट हळूहळू उतरलो. दोन ठिकाणी दगडमाती रस्त्यावर आली होती, एका बाजूने वाहनं सोडत होते. मोखाड्याच्या आसपास आवणी जोरात होती. डोक्यावरून मेणकापड घेतलेल्या बाया ओणव्या होऊन एका लयीत भात लावत होत्या, वरच्या उतारावर नागलीची रोपं. जव्हारला चहा घेतला. टपरीवाल्या काकांनी कुठे चाललात म्हणून विचारलं आणि केळवे म्हटल्यावर आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "फिरायला नाही ना?" फिरायला नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. दाभोसा धबधब्याकडे जाऊ म्हणणाऱ्या मुलांना ते सकाळपासून परत फिरवत होते म्हणे. असा माणूस प्रत्येक फाट्यावर हवा.

विक्रमगड, मनोर. मनोरपाशी वैतरणा रुंद झालेली असते. भरतीचं पाणी समुद्रापासून इतक्या आत, ह्या बाजूपर्यंत चढत येतं, हे मला मावशीच्या यजमानांनी पूर्वी सांगितलं होतं. मासवणला सूर्या नदी ओलांडली. तीही पुढे वैतरणेलाच मिळते. म्हणजे सकाळपासून जेवढे ओढे-नाले आम्ही ओलांडले त्यातले बहुतेक सगळे एकाच तोंडाने समुद्रात जाणार होते, दातिवरे आणि अर्नाळा ह्यांच्या मधल्या त्या मुखाने.

दिवसाउजेडी पोचलो. मावशीने घराची तयारी करून ठेवली होती. तांदळाचे डबे माळ्यावर, गॅसची टाकी दोन विटांवर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या वरच्या फळीवर. विहिरीच्या काठाला चिखलमातीचा बांध. घराच्या मागे तिची पानवेलीची छोटी वाडी आहे. केळवे-माहीमचं पान नावाजलेलं, आणि पानवेलीला खारं पाणी अजिबात सोसत नाही. तिला सगळ्यात जास्त धास्ती घरात पाणी येण्याची नसते, विहीर खारी होण्याची असते.

जेवताना तिचा पहिला प्रश्न: "घंटेला पाणी लागलंय का?" नारोशंकराच्या देवळाची घंटा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा ती तिथून आणली असं सांगतात. म्हणजे ह्या किनाऱ्यावरची घंटा आमच्या गंगेवर जाऊन पुराची खूण झाली. मावशीने १९६९ चा महापूर लहानपणी पाहिलाय. घरातली माणसं तिला काखेत धरून वर चढली होती, हे ती अजून सांगते. अंगावर शहारे येतात तिच्या.

मग तिने भिंतीवरची दिनदर्शिका काढून समोर धरली आणि तिथीचा हिशोब सांगितला. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण, पाऊण वाजता. उद्या द्वितीया, दीड वाजता. परवा तृतीया, सव्वादोन. अष्टमीला सहा वाजता, पण ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून पडताळलं. शनिवारची वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने तीच निघाली. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरती त्याच्यामागून, आणि पाऊण तास म्हणजे त्याचाच ढोबळ आकडा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, आणि सगळ्यात मोठं पाणी नेमकं त्या दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येतं. म्हणून मावशीला धाक शनिवारचा होता.

शनिवार

रात्रभर पाऊस. पहाटे थोडा थांबला आणि आठनंतर असा सुरू झाला की समोरची नारळाची झाडं दिसेनात. वाराही नैर्ऋत्येचा, समुद्राकडून जमिनीकडे. सकाळच्या बातम्यांत "साडेचार मीटरच्या लाटा उसळणार" म्हणून सांगत होते. हे दर पावसाळ्यात सांगतात आणि दर पावसाळ्यात चुकीचं सांगतात. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी असते, आणि ती मोजतात ओहोटीच्या जवळपासच्या एका ठरावीक शून्यापासून. गावावर साडेचार मीटरची भिंत चालून येत नाही. लाटा वेगळ्या, त्या ह्या पातळीच्या वर स्वार होऊन येतात, आणि त्यांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वेगळा देते. शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो, वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो ते आणखी वेगळं. वेळापत्रकात छापलेल्या आकड्यात ह्यातलं काहीच नसतं. हे नीट सांगायला हवं, कारण घाबरवून सोडलेला माणूस समुद्र बघायला जातो, आणि भिंत दिसली नाही की पुढच्या खेपेला इशाऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

साडेदहाला शेजारचे भाऊ बोलवायला आले. "उघाडीवर चाललोय, येता का?" मी आणि हे दोघंही गेलो.

खाडी आणि भातखाचरं ह्यांच्या मध्ये मातीचा लांब बंधारा आहे, खाडीच्या अंगाला दगड लावलेला. त्यात एका जागी सिमेंटची मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीने टांगलेली जाड झडप. ही उघाडी. हिला ना मोटर ना चाक. आतलं पाणी वरचढ असेल तर ते झडप ढकलून बाहेर जातं. भरती चढून खाडीचं पाणी वरचढ झालं की तेच पाणी झडप दाबून बंद करतं आणि खारं पाणी आत येत नाही. इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तू मी फार कमी पाहिल्यात.

आम्ही पोचलो तेव्हा झडप अर्धी उचललेली होती आणि आतलं तांबूस पाणी खळाळत बाहेर पडत होतं. भाऊंच्या हातात लांब बांबूला बांधलेली लोखंडी आकडी. वाहत आलेली झावळी, प्लास्टिकच्या पिशव्या, एक फाटकी चप्पल, सगळं ते झडपेपाशी पोचायच्या आधी ओढून काठावर टाकत होते. झडपेच्या फटीत एवढीशी बाटली जरी अडकली तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि मग चार-पाच तास खारं पाणी खाचरात शिरत राहतं. "एकदा खारं शिरलं की दोन-तीन वर्षं भात धड येत नाही," भाऊ म्हणाले. ह्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि दुसरी आकडी घेतली.

सव्वाअकराच्या सुमारास खळखळ कमी झाली. पाण्यावरचा फेस जागच्या जागी फिरायला लागला. झडप पुढेमागे हलत होती, उघडू की मिटू असं. मग बाहेरून एक संथ रेटा आला आणि ती धप्प करून बसली. कडेने बारीक चिळकांड्या उडाल्या, त्याही थांबल्या. भाऊंनी घड्याळ पाहिलं आणि आतल्या बाजूला चिखलात एक काठी रोवली, पाण्याच्या पातळीला दोरा बांधून.

इथून पुढचे तास मी विसरणार नाही. पाऊस थांबत नव्हता. डोंगराकडून येणारा नाला थांबत नव्हता. आणि बाहेर जायची वाट बंद. दार आतून लागलेलं असावं आणि लग्नघरासारखी माणसं मागच्या अंगणातून येतच राहावीत, तसं ते पाणी. दोरा बुडाला. भाऊंनी वीतभर वर दुसरा बांधला, तासाभरात तोही बुडाला. खाचरातली नुकती लावलेली रोपं शेंड्यापर्यंत पाण्यात. बंधाऱ्यावर उभं राहिलं की एका बाजूला खाडीचं करडं पाणी, दुसऱ्या बाजूला पावसाचं तांबडं, आणि दोन्ही आपल्या पायांकडे चढताना दिसत होती. दोघांत करडं वरचढ.

तेव्हा मला मावशीचा गुरुवारचा प्रश्न कळला. तिच्या अंगणात पाणी येणार की नाही, हे तिच्या गावात किती पाऊस पडतो एवढ्यावर ठरत नाही. तो पाऊस, घाटावरून काही तासांनी उतरणारं पाणी आणि झडप मिटलेली असण्याचे चार-पाच तास, ह्या तिन्हींची गाठ पडते की नाही ह्यावर ठरतं. हाच पाऊस अष्टमीला पडला असता तर झडप थोडाच वेळ मिटली असती, बाहेरचं पाणी एवढं चढलंच नसतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच दुपारी भरती होती आणि मिठी नदीला समुद्रात जायला वाट नव्हती, हे सांगणारे कमी.

दीड वाजता घरी आलो तेव्हा मागच्या अंगणात घोट्याएवढं पाणी होतं. मावशी शेवटच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेली, नजर विहिरीवर. बांध अजून वीतभर वर होता. आम्ही दोघींनी घमेल्याने माती आणून तो आणखी उंच केला. पाणी चाखून पाहिलं. गोड होतं, म्हणजे पावसाचं. उघाडी धरून होती.

भरती पूर्ण झाली की पाणी लगेच उतरेल असं मला वाटत होतं. मावशी म्हणाली, "घाई नको करूस बाय. पहिला तास ते नुसतं उभं राहतं." तसंच झालं. अडीचपर्यंत फरक नाही. तीननंतर ते झपाट्याने उतरायला लागलं, आणि चारच्या आसपास बंधाऱ्यावरून आरोळी आली. झडप उचलली होती. आम्ही धावत गेलो. आतलं पाणी असा आवाज करत बाहेर पडत होतं की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. भाऊ तिथे उभे राहून हसत होते, अंग चिखलाने माखलेलं, हातातली आकडी सोडायचं भान नाही.

रात्रीच्या भरतीची मला काळजी होती. मावशी निर्धास्त झोपली. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी आणि रात्रीची लहान, हिवाळ्यात उलटं, हे ह्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. वेळापत्रकात पाहिलं, खरंच रात्रीचा आकडा बराच खाली होता.

रविवार

पावसाने उसंत घेतली. सकाळी ओहोटीच्या वेळेला ह्यांच्याबरोबर सातपाटीला जाऊन आले. मावशीची मैत्रीण तिथे राहते, तिचा फोन लागत नव्हता. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे होड्या ताडपत्रीखाली आणि ओट्यांवर जाळी विणायचं काम. मैत्रीण सुखरूप होती. पण तिच्या घरासमोर जे पाहिलं ते मन दुखवणारं. धूप थांबवायला घातलेल्या बंधाऱ्याचे दगड जागोजागी निसटलेले, लाटांनी त्यातले काही उचलून गल्लीत टाकलेले, उंबऱ्यावर वाळूचा थर. ती झाडूने वाळू ओढत होती. "काल दोनदा ओढली," म्हणाली. सातपाटीचं पापलेट नाशिकच्या बाजारात सणासारखं विकलं जातं. ते आणणाऱ्या माणसांच्या दारात दर उधाणाला समुद्र येतो, आणि त्याची बातमी आपल्याकडे एका ओळीचीही होत नाही. मला हे फार लागलं.

केळव्याला परत येताना चौपाटीवरून आलो. सुरूच्या बनापाशी पोलीस आणि गावचे तरुण गाड्या अडवत होते. मुंबईकडून शनिवार-रविवारसाठी आलेली मंडळी हुज्जत घालत होती की ओहोटी तर आहे, जाऊ द्या. त्यांना मी गाडीतून उतरून सांगितलं, जेवढं मला समजलं होतं तेवढं: सव्वादोनला परत भरती पूर्ण होणार, कालच्यासारखीच, वाळूचा पट्टा तासाभरात निम्मा होतो आणि पाणी मागून, खळग्यातून येतं. एक कुटुंब वळलं. बाकीचे वळले नाहीत, पोलिसांनी वळवले.

मावशीला नाशिकला चल म्हणून खूप आग्रह केला. ती आली नाही. अमावास्येनंतरची अवघड भरती गेली, आता दिवसागणिक पाणी कमीच होणार, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. निघताना तिने पुडक्यात बांधून पानं दिली.

मनोरला वैतरणा काठोकाठ, पण वाहती. जव्हारच्या काकांकडे परत चहा घेतला, त्यांना उघाडीचं सांगितलं. घाटात ढग होते, पाऊस नव्हता. त्र्यंबकपाशी पाण्याची वाट परत बदलली, आणि अंधार पडायच्या आत नाशिक.

घरी आल्यावर दोन कामं केली. मोबाइलवर नाशिक घाट ही ओळ पालघरच्या शेजारी आणून ठेवली, म्हणजे दोन्ही एकदम दिसतील. आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पुढची उधाणं लिहिली: नारळी पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस, मग पोळ्याची अमावास्या, मग भाद्रपदातली. नारळी पौर्णिमेला मावसभाऊ पुण्याहून येतोय. पोळ्याला आम्ही जाणार. भाऊंसाठी ह्यांनी गॅल्व्हनाइज्ड पाइपाची नवी आकडी सातपूरला वेल्डिंगवाल्याकडे करायला टाकली आहे, कारण बांबूची मध्येच चिरली होती.